मी आलो की चालणारा कॉम्प्युटर

आमच्या भागात घराघरांत कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, लोक त्याच्या खोलीत चपला काढून जात. त्याआधी तो ऑफिसात एसीमध्ये, काचेआड बसलेला असे. त्यामुळे त्याला धूळ चालत नाही एवढं सगळ्यांच्या कानावर होतं. शिवाय एवढी महागाची वस्तू, तिचा मान ठेवायला नको? मॉनिटरला, कीबोर्डला, सीपीयूला वेगवेगळी झबली शिवलेली असत. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला एका घरी मी दसऱ्यानंतर गेलो, फ्लॉपी आत जात नाही अशी तक्रार होती. ड्राइव्ह उघडला तर आत अक्षता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात तशी याचीही केली होती, आणि फ्लॉपीची फट हेच तोंड समजून आजींनी अक्षता तिथे वाहिल्या होत्या. मी चिमट्याने एकेक दाणा काढून वाटीत ठेवत होतो, आणि आजी सुनेला विचारत होत्या, ही वाटी निर्माल्यात टाकायची की तुळशीत?

घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर एवढा माझा मुलूख. धंद्याबद्दल लोकांच्या फार मोठ्या कल्पना असत, आणि मी त्या फारशा मोडायला जात नसे. खरं सांगायचं तर माझं निम्मं आयुष्य खोडरबरावर गेलं. अंबरनाथच्या कारखान्यांतून जी हवा बाहेर पडायची तिने देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं काळी पडत, तशाच कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डांच्या कडाही मळत. कड मळली की वीज नीट जात नाही आणि पडद्यावर काही येत नाही. उपाय एकच, कार्ड काढायचं, शाळकरी पोरांच्या खोडरबराने कड घासायची, पुन्हा बसवायचं. पण हे असं करून दाखवलं की गिऱ्हाईकाचा चेहरा पडे. म्हणून मी आधी टेबलावर पांढराशुभ्र रुमाल अंथरत असे, त्यावर पेचकस, चिमटा, ब्रश ओळीने मांडत असे, आणि मगच खोडरबर काढत असे. एवढं केलं की समाधान व्हायचं.

सगळ्यात वाईट बिघाड कुठला, असं नवीन पोरं विचारतात. सगळ्यात वाईट तो, जो येतो आणि जातो. मेलेला कॉम्प्युटर सोपा असतो, एकेक भाग बदलत जायचं, कुठला तरी सापडतोच. पण जो दिवसभर त्रास देतो आणि माझी पावलं वाजली की शहाण्यासारखा सुरू होतो, त्याचं काय करायचं? "तुम्हाला घाबरतो हो!" हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकलं आहे आणि प्रत्येक घरात हसलो आहे.

याच्याशी जोडून दुसरी एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. मी कुणाच्या घरात शिरलो की घर थांबायचं. टीव्हीचा आवाज बंद. भांडणारी पोरं गप्प. पोळ्या लाटणारी बाई हात पुसत बाहेर. सगळे माझ्या मागे उभे राहून माझ्या हातांकडे बघत. एवढ्या घरांत मी गेलो, पण कुठलंही घर मी नसताना कसं असतं, ते मला कधी कळलं नाही. बेलवलीत माझी दोन खोल्यांची जागा होती. आई गेल्यावर मी तिथे एकटाच होतो. लग्न राहून गेलं होतं. आधी बहिणींची व्हायची होती म्हणून, मग आईचं आजारपण म्हणून, मग कुणी विचारायचं थांबलं म्हणून. माझ्या घरी मी कुलूप उघडून आत शिरलो तर थांबण्यासारखं काही चाललेलंच नसे.

तर मोरिवलीची गोष्ट. हिच्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं कुणी नव्हतं, हेही खरंच.

उल्हासनगरला कापडाचा घाऊक धंदा करणारे एक सिंधी सेठ माझे जुने गिऱ्हाईक होते. त्यांची बिलं कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम मोरिवलीतली एक बाई घरी बसून करत असे. आठवड्याला बिलांचा गठ्ठा घेऊन जायची आणि भरलेली फ्लॉपी आणून द्यायची. तिचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो, जाऊन या, असं सेठनी सांगितलं.

"लडकी होशियार है, सांई," ते म्हणाले. "पण मला काम टायमावर पाहिजे ना. दो दफा फ्लॉपी अर्धीच भरके आई. तिसऱ्या टायमाला मी नाही थांबणार, दुसऱ्याला देणार काम. तिला बोलून ठेवा."

तिचं नाव शैला. तिशीची असेल. मोरिवली गाव कारखान्यांच्या भिंतीला लागूनच आहे. जमिनी कारखान्यांत गेल्या, घरं राहिली. तिचं घर अशांपैकीच एक. घरात तिची आई हिराबाई, मोठा भाऊ दत्तू, आणि ही. दत्तू एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. शैला लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली होती. सासरी तिला माणसात धरत नव्हते, एवढंच ती बोलली, आणि मी पुढे विचारलं नाही. परत आल्यावर तिने क्लास लावून कॉम्प्युटर शिकून घेतला. भावाने एका अटीवर तो घेऊन दिला होता. त्यावर काम मिळत राहिलं तर ठीक, नाही तर विकायचा आणि हिने मुकाट्याने सासरी जायचं. सासरचे बोलवत होतेच.

मी पहिल्यांदा गल्लीत शिरलो तेव्हा कुठूनशी घरघर ऐकू येत होती. पण मोरिवलीत घरघर कुठून येते, हे कुणी विचारत नाही. एखादा कारखाना चालू असतोच. दारात शैलाने मला पाहिलं आणि आत हाक मारली, "आई, कॉम्प्युटरवाले साहेब आले!" मागून हिराबाई पदर झटकत आल्या.

"या, बसा. ह्ये पानी घ्या. चा ठेवतंय."

घरभर मिरचीचा वास होता. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून ठेवायचे ते दिवस. हिराबाईंचं मागच्या पडवीत मसाला कांडायचं यंत्र होतं, लोखंडी मुसळं मोटरवर वरखाली होतात ते. अंबरनाथपासून बायका डब्यात भाजलेल्या मिरच्या घेऊन यायच्या. तेवढ्यात शिफ्ट संपवून दत्तू आला, त्याला मी धंद्याच्या शिस्तीप्रमाणे विचारलं, ते यंत्र याच लाइनवर आहे का? "त्याचं मीटर वेगळं आहे, साहेब," तो म्हणाला. मी बाहेर जाऊन बघितलं, भिंतीवर दोन मीटर होते. विषय संपला.

कॉम्प्युटर सुरू केला. छान चालला. शैला सांगत होती, "काम करता करता एकदम काळा होतो सर, आणि आपोआप पहिल्यापासून सुरू. भरलेलं सगळं जातं. रोज दोनदा-तीनदा." मी कार्डांच्या कडा घासल्या, तारा तपासल्या, स्टॅबिलायझर पाहिला. तासभर चालू ठेवला. काही झालं नाही. मी निघालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, तुम्ही गल्लीबाहेर पडलात आणि बंद पडला.

मग मी पुन्हा गेलो. त्यानंतरही गेलो. मेमरी बदलली. वीज पुरवणारा डबा, ज्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो, तो काढून माझ्याकडचा बसवला. दर वेळी तेच. मी असेपर्यंत त्याच्यासारखा गुणी कॉम्प्युटर नाही, आणि मी गेलो की फोन.

आमच्या कामात असं बसून राहणं असतं. बिघाड यायची वाट बघत बसायचं. मी खुर्चीवर, शैला शेजारी स्टुलावर, दोघांचे डोळे पडद्यावर. ती आकडे भरत राहायची आणि दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची, आता पडेल, आता पडेल. वाट बघताना माणसं बोलतातच.

"घरी कोण असतं, सर?"

"कुणी नाही."

"मग जेवायचं?"

"खानावळ आहे स्टेशनजवळ."

ती पुन्हा आकडे भरायला लागली. पण पुढच्या वेळी हिराबाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. "पेंडसे म्हंजे बामन ना तुमी? घाबरू नका, आज मासं नाय केलं," असं म्हणून वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. निघताना पुडीत मसाला बांधून दिला. घरात स्वयंपाक न करणाऱ्या माणसाने मसाल्याचं काय करायचं? मी ती पुडी फळीवर ठेवली. खोलीला वास येत राहिला, तो मला आवडायला लागला.

एकदा ती हसून म्हणाली, "याला तुमची सवय लागलीय, सर. तुम्ही गेलात की रुसतो."

हे वाक्य घेऊन मी बेलवलीला आलो. त्यात काही नव्हतं, चारचौघींसारखी थट्टा होती. पण मला तेव्हा थट्टा करणारं कुणी नव्हतं. मोरिवलीला जायच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालायला लागलो होतो, हे माझं मलाच थोडं उशिरा समजलं.

आणि मग दत्तूने मला नाक्यावर गाठलं. मी रिक्षाची वाट बघत होतो, तो शिफ्ट संपवून येत होता. सायकल भिंतीला लावून माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, एक विचारू? रागावू नका. मशीनमध्ये खरंच फॉल्ट आहे का?"

"असणार. सापडत नाही."

"तुम्ही यायच्या आधी पडतो. तुम्ही गेल्यावर पडतो. तुम्ही समोर असताना एकदा पण नाय. मी घरी असतो तेव्हा पण मी कधी बघितला नाय." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "गावात लोकं बोलायला लागलीत. नवऱ्याला सोडून आलेली पोरगी, आणि सारखा एक माणूस येऊन तास-तास बसतो. मी बोललो तिला, नाटक करतेस काय? फोन करायला बहाणा पाहिजे म्हणून?"

मी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"रविवारी या," तो म्हणाला. "मी समोर बसतो. पडला तर ठीक, मी तिची माफी मागेन. नाय पडला तर सोमवारी मशीन विकतो आणि तिला सासरी पोचवून येतो. ते लोक तयारच आहेत. तुम्ही पण मग इथे येऊ नका."

रिक्षा आली, मी बसलो. मला दत्तूचा राग यायला हवा होता. एका बाईचं पोट आणि अब्रू दोन्ही त्या कॉम्प्युटरवर टांगलेली होती. मी राग आणायचा प्रयत्नही केला. पण घरी येऊन दिवा लावला आणि डोक्यात दुसरंच सुरू झालं. बहाणा असेल तर? खरंच बिघाड नसेल तर? आठवून पाहिलं, ती स्टुलावर कशी बसायची, जेवणाचं कसं विचारलं. मग आरशात पाहिलं. चाळिशीला आलेला, कपाळ मागे सरकलेला माणूस. तरीही वाटलं, असेल. कुणाला माझ्यासाठी एखादा बहाणा करावासा वाटला असेल. त्यात तिचं किती नुकसान आहे, हे मला दिसत होतं. पण सुख होतं, हेही खोटं नाही. रविवारपर्यंत मी त्या सुखात होतो.

रविवारी गेलो. गल्लीत घरघर होती. मी दारात दिसलो आणि शैलाने नेहमीसारखी आत हाक मारली. घरघर थांबली. हिराबाई आल्या, पाणी आलं, चहा आला. माझ्यामागोमाग दत्तू बाहेरून आला आणि पलंगावर हाताची घडी घालून बसला. शैला कॉम्प्युटरसमोर. तिने बिलं भरायला सुरुवात केली. अर्धा तास झाला. काही नाही. तिच्याकडून चुकीची बटणं दाबली जाऊ लागली.

"सर," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी खोटं नाही बोलत. आईशपथ."

मी मान हलवली.  दत्तूने घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात मागच्या दारी एक बाई आली, तिच्यासोबत मिरच्यांचे दोन डबे. तिच्या घरी लग्न होतं, घाई होती. हिराबाईंचं बोलणं आम्हाला ऐकू आलं.

"थांब गो बाय जरा. घरात पावना आयलाय. त्याला ठसका लागल. त्यो गेला का करतंय."

"किती वेळ थांबू? मागे पण अशीच थांबवलीस!"

मी खुर्चीवरून उठलो. मागे पडवीत गेलो. मुसळं वर थांबलेली होती, उखळात मिरच्या तशाच.

"आई," मी विचारलं, "मी येतो तेव्हा दर वेळी तुम्ही हे बंद करता?"

"मंग? पावन्याला काय मिरचीत बसवायचा? आमचा दत्तू पन शिफ्ट करून येतो, झोपतो, त्याला पन डोल्यांना झोंबतं. त्यो घरी हाय तवर बंदच ठेवतंय."

माझ्यासाठी बंद, आणि दत्तूसाठी बंद. म्हणजे हा कॉम्प्युटर बिघडताना पाहणारी या घरात एकटी शैलाच.

"चालू करा," मी म्हणालो.

"नको बाबा, खोकून मराल."

"चालू करा, आई. मी गेलोच आहे असं समजा."

दत्तू मागे आला होता. "साहेब, मीटर वेगळं आहे, सांगितलं ना तुम्हाला."

"असू दे."

यंत्र सुरू झालं. मी पुढच्या खोलीत येऊन उभा राहिलो. आवाजाने भिंतीवरच्या घड्याळाची काच थरथरत होती. पाच मिनिटांत आम्ही सगळे खोकायला लागलो, डोळे चुरचुरायला लागले. कॉम्प्युटर मात्र चालत होता. शैला भरत होती. मी पडद्याकडे बघत होतो, आणि माझ्या मनात काय होतं ते मी इथे लिहिणार आहे, कारण नाही लिहिलं तर ही सगळी गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. मला तो पडायला नको होता. फक्त क्षणभर, पण नको होता.

मागे हिराबाईंनी लग्नघरच्या डब्यातल्या मिरच्या ओतल्या. नीट भाजलेल्या नव्हत्या, दमट होत्या. मुसळं अडकली, मोटर कण्हली, डोक्यावरचा पंखा मंदावला. पडदा काळा झाला. बीप वाजला, आणि मेमरीचे आकडे पहिल्यापासून चढायला लागले.

शैला उभी राहिली. स्टूल मागे पडलं. "बघ!" ती ओरडली. "दादा, बघ! बघितलंस ना? मी बोलत होते ना तुला! बहाणा म्हणे! यांना बोलावायला मला बहाणा कशाला लागतोय? कॉम्प्युटर पडला नसता तर मी यांना कशाला बोलावलं असतं?"

ती हसत होती, रडत होती, खोकत होती, सगळं एकदम. दत्तूने दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं. मग त्याने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, शब्दाला जागला तो. हिराबाईंनी पोरीला पोटाशी धरलं. त्या घरात त्या वेळी आनंद न झालेला मी एकटाच होतो, आणि मला तो व्हायला हवा होता.

मग मी माझं काम केलं. तार हातात धरून पडवीपासून मागे मागे येत गेलो. दोन वर्षांपूर्वी उंदराने यंत्राची तार कुरतडली होती, तेव्हा गावातल्या वायरमनने घराच्या बोर्डावरून तात्पुरती जोडणी करून दिली होती, नवीन तार आणतो म्हणून गेला, आणि सगळे विसरले. मीटर दोन होते, पण दुसऱ्यावर काहीच नव्हतं. यंत्र नुसतं चालायचं तोवर घरातली वीज कशीबशी पुरायची. मुसळं अडकली की मोटर सगळी वीज ओढून घ्यायची, स्टॅबिलायझरलाही ते झेपायचं नाही, आणि कॉम्प्युटर पडायचा. पंखाही दबायचा, पण मोरिवलीत पंखा दिवसभर दबतोच. मी दत्तूला अंबरनाथच्या बाजारातून तार आणायला पाठवलं आणि यंत्र त्याच्या स्वतःच्या मीटरवर घातलं. मग हिराबाईंना म्हटलं, आता त्या सगळ्यात दमट मिरच्या टाका. मुसळं अडकली, मोटर कण्हली, आणि पडदा हललासुद्धा नाही. आयुष्यात केलेल्या चोख कामांमध्ये मी हे धरतो.

दुपार झाली होती. हिराबाईंनी पान वाढलं. लग्नघरची बाई अजून डबे घेऊन बसली होती, म्हणून यंत्र चालूच राहिलं. मी खोकत, नाक पुसत जेवलो. हिराबाई दारातून दोनदा वाढून गेल्या आणि परत मिरच्यांकडे पळाल्या. दत्तू जेवून तिथेच आडवा झाला आणि त्या आवाजात घोरायला लागला. शैला कॉम्प्युटरसमोर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. सेठचा आठवड्याचा गठ्ठा राहिला होता. तिची बोटं भराभर चालत होती, मधे कुठेही थांबत नव्हती, आता पडेल म्हणून बघायलाही नाही. एवढ्या वर्षांत कुठल्याही घरात माझ्यादेखत असं सगळं चालू राहिलं नव्हतं.

हात धुतले, पेचकस, चिमटा, ब्रश रुमालात गुंडाळून बॅगेत भरले. दारात चपला घालताना मागे वळून म्हणालो, "येतो हं."

यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो नाही.